वर ठेवलेली कानबाई

सुरतेत राहणाऱ्या माणसाला पाण्याबद्दल कोणी काही शिकवायला जाऊ नये, असं माझं बरीच वर्षं मत होतं. तापीच्या त्या मोठ्या पुरात मी लिंबायतच्या आमच्या घरात तीन दिवस माळ्यावर काढले. बरोबर बायको, दोन मुली, गव्हाचं अर्धं पोतं आणि शेजाऱ्यांची एक शेळी होती. शेळीला माझा सदरा फार आवडला. त्या तीन दिवसांच्या भांडवलावर मी पुढे नात्यात पाण्याचा जाणकार म्हणून मिरवत आलो. कुठे नाल्याला पाणी चढलं की मला फोन येतो आणि मी एकच सल्ला देतो, "सगळं वर ठेवा." हा सल्ला कधी चुकला नव्हता. म्हणजे तेवढं पाणी पुन्हा कोणाकडे आलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

यंदा उन्हाळा संपता संपता अरबी समुद्रात वादळ उठलं आणि आमच्या किनाऱ्याकडे वळलं. ओलपाड तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात माझा पुतण्या कैलास झिंग्याच्या तलावावर पंप सांभाळतो. झिंगा म्हणजे कोळंबी. समुद्राचं खारं पाणी तलावात घेऊन तिकडे तिची शेती करतात. माझे थोरले भाऊ गेल्यापासून त्यांची बायको, म्हणजे आमच्या शांतावहिनी, कैलासजवळ असतात. आणि वहिनींजवळ असते आमच्या घराण्याची कानबाई.

खानदेशाबाहेरच्या वाचकांना हे सांगायला हवं. कानबाई ही आमची श्रावणातली देवी. आमच्या घराण्यात तिची मूर्ती नाही, नारळ आहे. माझ्या आजोबांच्याही आधीपासूनचं एकच नारळ, हळदीकुंकवानं काळं पडलेलं, नाकाच्या जागी छोटी नथ बांधलेली. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, सोमवारी वाजतगाजत पाण्यावर जाऊन येते आणि पुन्हा वर्षभर डब्यात. तिच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या भाकरीसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, आणि तो रोट भाऊबंदांनीच खायचा. ज्याच्या नावाची मूठ पडली तो घरचा. हे नारळ थोरल्या सुनेकडे असतं. वहिनींकडे ते त्यांच्या सासूनं, म्हणजे माझ्या आईनं, दिलं तेव्हा त्या सतरा-अठरा वर्षांच्या होत्या.

वादळाच्या आदल्या दिवशी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, सगळ्यांना शाळेत नेणार म्हणतात. कानबाईला ओटीत घेऊन जाऊ का?"

मी तेव्हा बमरोलीच्या मिलमध्ये कापडाच्या घड्या तपासत होतो. चार माणसं ऐकत होती, त्यामुळे मी जरा मोठ्यानं बोललो. "वहिनी, शाळेत दीड-दोनशे माणसं, धक्काबुक्की, शिवाशिव. तिथं कुठं देवी नेता? पाणी खालून येतं. घरात सगळ्यात उंच जागा कोणती?"

"पत्र्याखालची फळी."

"तिथं ठेवा. सगळंच वर ठेवा."

वहिनींनी ठेवलं. पितळी डब्यात, हिरव्या खणात गुंडाळून, पत्र्याला हात लागेल इतक्या उंचीवर. गोधड्या, पातेली, धान्य, कैलासची कागदपत्रं, सगळं त्या फळीवर आणि तिच्या शेजारच्या माळ्यावर गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा आला आणि छप्पर, फळी, माळा असं सगळं घेऊन गेला. पाणी मात्र उंबऱ्यापर्यंत आलं, जरा थांबलं आणि परत गेलं. घरात फक्त एक वस्तू वाचली, ती म्हणजे केरसुणी. ती वर ठेवायची राहून गेली होती.

पहिला दिवस: ओलपाडच्या पुढे

लिंबायतात वादळानं आमचं एवढंच नुकसान केलं की समोरच्या गल्लीतला एका पुढाऱ्याचा फलक आमच्या गच्चीवर येऊन पडला. माझी बायको मंगला हिनं त्यावर दुसऱ्या दिवशी ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमचे पापड, वाळत घातले. तिकडच्या गावाचे फोन चार दिवस बंद होते. पाचव्या दिवशी कैलासचा आवाज आला, "काका, आम्ही बरे आहोत. पण आई हलत नाही. तुम्ही या."

आम्ही दोघं निघालो. सामानात ताडपत्री, दोरीची दोन बंडलं, पिण्याच्या पाण्याचे डबे आणि मंगलानं पहाटे उठून थापलेल्या कळण्याच्या भाकरी, बरोबर ठेचा. वाटेत एका टपरीवर लोचो, म्हणजे वाफवलेल्या हरभरा डाळीचा सुरती प्रकार, घेतला. मी खात असताना मंगला म्हणाली, "त्या तिकडे पत्र्याविना बसल्यात आणि तुम्हाला वरून शेव कमी पडतेय." मी शेव न घेता खाल्ला. शेवेविना लोचो म्हणजे नुसती आजाऱ्याची पथ्याची वाटी. तेवढं प्रायश्चित्त मला पुरेसं वाटलं, पण ते फारच लवकर वाटलं.

अमरोली आणि कोसाड मागे पडेपर्यंत वादळाची खूण म्हणजे गच्च्यांवरून गेलेल्या पाण्याच्या टाक्या. ओलपाडपर्यंत आडवा पडलेला ऊस. ओलपाडला कैलास ट्रॅक्टर घेऊन आला होता. पुढचा रस्ता त्याच्या ट्रॉलीत, उभ्यानं.

तिथून पुढे मला एक गोष्ट दिसली, जी मी आयुष्यात पाहिली नव्हती. झाडं एका बाजूनं हिरवी आणि एका बाजूनं करपलेली. समुद्राकडची सगळी पानं तपकिरी, चुरचुरीत, जणू कोणी शेक दिलाय. मी म्हटलं, "वीज पडली का रे?"

"मीठ आहे काका," कैलास म्हणाला. "वाऱ्यानं समुद्र उडवला. जीभ लावून बघा."

मी खरंच एक पान तोडून चाटलं. खारट होतं. मंगलानं तोंड दुसरीकडे केलं.

विजेचे खांब एकाच दिशेला वाकले होते, रांगेत नमस्कार घातल्यासारखे. एका बाभळीला पत्रा असा गुंडाळला होता की तिला कोणी लुगडं नेसवलंय असं वाटावं. झिंग्याच्या तलावांचे बांध फुटून तलाव, खाडी आणि शेत यांच्यातली भांडणं मिटली होती, सगळीकडे एकच राखाडी पाणी. त्यात बगळे इतके जमले होते, आणि इतके खाऊन सुस्तावले होते, की ट्रॅक्टर आला तरी उडत नव्हते. गावात शिरताच वास आला. सडलेल्या कोळंबीचा वास मी इथे वर्णन करत नाही. वाचक कदाचित जेवून बसले असतील.

वहिनी दारात होत्या. दार होतं, चौकट होती, चार भिंती होत्या आणि वर निळं आकाश. हातात तीच केरसुणी. मी वाकून नमस्कार केला.

वहिनी आमच्याशी अहिराणीतच बोलतात. मी त्यांचं बोलणं इथे सगळ्यांना कळेल असं लिहितोय, पण पहिलं वाक्य जसंच्या तसं ठेवतो, कारण ते माझ्या कानात तसंच आहे. "तुम्हीन सांगं ना भाऊजी, वर ठेवा? मंग, गयी ती वरच."

त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

चहा झाला. चूल अंगणात होती. मी विषय काढला, "वहिनी, पाऊस आठ-दहा दिवसांवर आलाय. इथं कसं राहणार? लिंबायतला चला. कैलासचं छप्पर झालं की परत या."

"ती सापडल्याशिवाय मी नाही येणार."

"वहिनी, वाऱ्यानं नेलेलं नारळ..."

"सासूबाईंनी माझ्या ओटीत घातलं होतं. मी ओटीत घेऊनच निघाले होते." एवढं बोलून त्यांनी चुलीत काटकी सारली. "आणि ऐका. ती नाही सापडली तर औंदा कानबाई बसणार नाही. बसली, तर तुमच्या नावाची मूठ पडणार नाही."

मंगला हळूच म्हणाली, "घ्या."

दुपारी तलाठी नुकसानीची यादी करायला आले. सभ्य माणूस, उन्हानं लालबुंद झालेला. मकान काचुं के पाकुं, पत्रे किती, भांडी काय गेली, असं विचारत वहिनींपाशी आले. वहिनी म्हणाल्या, "पत्र्यांचं कैलास सांगेल. माझी देवी गेली."

त्यांनी पेन थांबवलं. "चांदीची?"

"नारळाची."

चेष्टा करणारा माणूस नव्हता. त्यांनी 'इतर' या रकान्यात लिहिलं, 'नारियेळ, नंग एक', म्हणजे नारळ, नग एक, आणि वहिनींना वाचून दाखवलं. वहिनींनी मान डोलावली.

संध्याकाळी कैलास आणि मी ताडपत्री बांधली. मी बांधलेली बाजू अंधार पडायच्या आत सुटली. ती मंगलानं बांधली.

दुसरा दिवस: चिखल

खेड्यात यादीतली गोष्ट गुप्त राहत नाही. सकाळी मी दात घासत होतो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ हातात नारळ घेऊन आले. "सुरतवाळा भाई नारियेळ शोधे छे?" त्यांच्या वाडीतलं झाड पडलं होतं. मी म्हटलं, हे नव्हे. ते म्हणाले, राहू द्या, आणलंय तर. त्यांच्यामागे एक बाई दोन नारळ घेऊन. मग आणखी एक जण. दहा वाजेपर्यंत आमच्या बिनछपराच्या घरापुढे वीसेक नारळ पडले होते, बहुतेक हिरवे, एक-दोन जुने सुके. ज्यांची स्वतःची घरं उघडी पडली होती ती माणसं मला नारळ आणून देत होती, आणि मी प्रत्येकाला "हे नाही हो" म्हणत होतो. शेवटी वहिनींनी मला गप्प केलं. "घ्या म्हणते ना. कोणी घरी आणलेलं परत पाठवतात का?"

सगळ्यांना नारळपाणी दिलं. गावातला हातपंप खारा झाला होता, त्यामुळे ते कामीच आलं. सरबराई करण्याचं काम मात्र मला चांगलं जमतं.

कैलास बांधावर माती टाकायला गेला. मी ठरवलं की आपणच शोधायला जायचं. वारा ज्या दिशेनं गेला ती दिशा झाडांनी स्पष्ट दाखवली होती. घरापासून खाडीपर्यंत चालत गेलो. रस्त्यात लोकांचे संसार अडकले होते. कुंपणाच्या तारेला साडी, बाभळीत पंख्याचं एक पातं, शेवटी चिखलात उभं राहिलेलं एक कपाट, आरशासकट. आरशात मी दिसलो. डोक्याला टॉवेल, हातात काठी, चेहऱ्यावर जाणकार माणसाचे भाव. मी आरशाला पाठ केली.

खाडीच्या काठाला तिवराची झुडपं आहेत. त्यांच्या मुळांत काहीतरी पिवळं चमकलं. पितळी डबा. मला इतका आनंद झाला की मी सरळ चालत गेलो. चिखलावर सरळ चालत जात नाहीत, हे मला तिसऱ्या पावलाला कळलं. चौथ्या पावलाला मी गुडघ्याच्या वर रुतलो होतो.

डबा हाताला लागत होता. काठीनं ओढून घेतला. झाकण उघडं, आत चिखल. खण नाही, नारळ नाही.

मी तिथं तसाच उभा राहिलो. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतंच, पाय निघत नव्हते. खाडीला ओहोटी होती, पण ती कायम राहत नाही एवढं ज्ञान मला होतं. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून हाक आली. चाळिशीची एक कोळीण, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. ती अरुंद पाण्यातून इकडे आली, चिखलावर एक फळी टाकली, फळीवर पालथी पडून दोरी माझ्याकडे फेकली. "भाई, कमरेला बांधा. पाय हलवू नका. आडवे व्हा."

"आडवा?"

"झोपा, झोपा. चिखल उभ्या माणसाला गिळतो."

मी चिखलात आडवा झालो. तिनं मला ओढून काढलं, जाळं ओढतात तसं, सवयीनं. मी बाहेर आलो, माझी डावी चप्पल आली नाही.

"इथं कशाला आलात? काय शोधत होता?"

आता खरं सांगायला काय हरकत होती. पण समोर ही बाई, जिनं मला फळीवरून ओढलं, माझ्या अंगावर नखशिखांत चिखल, आणि मी सांगायचं की मी सुरतेहून नारळ शोधायला आलोय, कारण मीच ते उडवून दिलं. माझ्या तोंडून निघालं, "चप्पल."

ती हसली. पोट धरून नाही, नुसती थोडीशी. पलीकडे जाऊन तिनं वादळानं आणून टाकलेल्या चपलांच्या ढिगातून एक रबरी चप्पल आणली. लाल, बायकी, डाव्या पायाची. "ही घाला. पुलावरून फिरून या कधीतरी, परत द्यायला. जमनाबेनचं घर विचारा."

अशा थाटात मी घरी आलो. एका पायात माझी, एका पायात लाल.

वहिनींनी डबा हातात घेतला. पदरानं पुसला. आतून पुसला, बाहेरून पुसला, झाकण लावून पाहिलं, ते अजून नीट बसत होतं. मग तो चुलीजवळ ठेवला आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. कोणी आग्रह केला नाही. पश्चिमेला ढग जमत होते. मी दोनदा ताडपत्रीकडे पाहिलं.

मंगला माझ्या पायाकडे बघत होती. "डबा जिथं सापडला, तिथंच ती बाई राहते ना?"

"पलीकडच्या काठाला."

"मग तिला विचारलंत का, नारळ दिसलं का म्हणून?"

मी लाल चप्पल काढून भिंतीपाशी ठेवली.

"अहो, तुम्ही तिला काय सांगितलं?"

"चप्पल शोधतोय म्हणून सांगितलं."

मंगलाच्या आणि माझ्या संसाराला सव्वीस वर्षं झाली. या काळात ती माझ्याकडे अनेक प्रकारे पाहत आली आहे. हा प्रकार नवीन होता.

तिसरा दिवस: होडीखालचं घर

सकाळी वहिनी स्वतःहून उठल्या. "जिनं तुम्हाला काढलं तिची चप्पल घरात ठेवायची नाही. चला." मंगलानं उरलेल्या भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला. पुलावरून फिरून जायला तासभर लागला. वाटेत मी वहिनींना म्हटलं, "तिथं विचारून बघू." त्या म्हणाल्या, "आधी चप्पल देऊ."

जमनाबेनचं घर म्हणजे पालथी घातलेली एक जुनी होडी. एका बाजूनं दगडांवर उचललेली, पुढे जाळ्याचा पडदा. तिची झोपडी वादळानं पूर्ण नेली. होडी फुटकी होती म्हणून किनाऱ्यावर पालथी होती आणि म्हणून राहिली. गावातलं सगळ्यात मजबूत छप्पर तेच निघालं.

"आवो बेन, बेसो," ती म्हणाली. वहिनी बसल्या. दोघी बोलू लागल्या, एक गुजरातीत, एक अहिराणीत. एकीचं 'छे', दुसरीचं 'शे'. एकाच घरात नांदलेल्या जावांसारख्या भाषा. मला मध्ये बोलायची गरजच पडली नाही. घर किती गेलं, पत्रे मिळाले का, पाणी कुठून आणता, पोरं कुठे. जमनाबेनच्या मुली मामाकडे होत्या. नवरा दुसऱ्याच्या बोटीवर कामाला. वादळात ती बोट लांबच्या कुठल्या बंदरात अडकली, दोन दिवस काही खबर नव्हती.

माझे डोळे अंधाराला सरावले. होडीच्या आत, वाकलेल्या फळ्यांच्या कोपऱ्यात, तिचे देव मांडले होते. दोन तसबिरी, एक दिवा, आणि त्यांच्या मधोमध काळं पडलेलं नारळ. नथ तशीच.

मी मंगलाचा हात दाबला. वहिनींनी माझ्याही आधी पाहिलं होतं. पण त्यांनी बोट दाखवलं नाही. जमनाबेनचं बोलणं पुरं होऊ दिलं.

"वादळानंतरच्या सकाळी जाळ्यात सापडली ही," जमनाबेननं स्वतःच वर पाहिलं. "कुंकू, नथ. कोणीतरी दर्याला नवसाची मानता केली असेल. माझ्याकडे आली. मी हिला म्हटलं, माझा माणूस घरी येऊ दे, श्रावणातल्या पुनवेला तुला मी माझ्या हातानं दर्यात सोडीन. तिसऱ्या दिवशी तो आला." तिनं नारळाला हात जोडले. "आता परत गेलाय बोटीवर. मी बोल देऊन बसलेय."

वहिनींच्या नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली. त्यांनी नारळाकडे पाहिलं, मग जमनाबेनकडे. बराच वेळ जमनाबेनकडेच.

"ती माझी आहे," वहिनी म्हणाल्या. हळू, जणू कबुली द्यावी तशा. मग सगळं सांगितलं. सासूबाई, ओटी, फळी. माझं नाव घेतलं नाही. "घरातल्या एकानं सांगितलं" एवढंच म्हणाल्या. मी बाहेर खाडीकडे बघत होतो.

जमनाबेन नारळ घेऊन त्यांच्यासमोर बसली. मांडीवर धरून. तिला द्यायचं नव्हतं असं नाही. पण बोल दिला होता आणि तिचा माणूस अजून पाण्यावर होता. हे आम्हा तिघांनाही कळत होतं. चुलीवर काहीतरी शिजत होतं, त्याचाच आवाज.

शेवटी वहिनी म्हणाल्या, "दिलेला बोल पाळायलाच हवा."

"हा बेन."

"मग ऐक. आमच्यात घर वाढलं, भाऊ वेगळे राहू लागले, की नवं नारळ घेतात. जुन्या कानबाईच्या शेजारी बसवतात. त्या दोघी शेजारी पूजा घेतात, मग नवी जुनीची बहीण. पुनवेच्या आधीच्या रविवारी माझ्या घरी ही बसेल. तिच्या शेजारी मी एक बसवीन, तुझ्या नावाचं. ते पुनवेला तू दर्याला दे."

जमनाबेननं विचार केला. "दरियो मानशे?"

"आपण दोघी जाऊन सांगू त्याला."

"तुम्ही येणार पुनवेला?"

"येसू," वहिनी म्हणाल्या.

जमनाबेननं नारळ उचललं, कपाळाला लावलं आणि वहिनींच्या ओटीत घातलं. वहिनींनी पदर वर ओढून घेतला. त्या रडल्या असतील किंवा नसतील, पदरामागचं मला दिसलं नाही.

मग जेवण. ज्वारीचा रोटला आला. भाकरीच ती, पण त्यांची जरा जाड आणि थापताना काठ सोडून दिलेला. बरोबर हळद-मिरचीतले झिंगे. वहिनी माळकरी नाहीत, पण झिंगा त्यांनी सहा वर्षं तलावावर राहून कधी चाखला नव्हता. मी पहिला झिंगा सालासकट खाल्ला. जमनाबेन म्हणाली, "भाई, साल." मी म्हटलं, आमच्याकडे असंच खातात. खानदेशात झिंगे कोणी सालासकट खात नाही, कोणी बिनसालाचेही खात नाही. दुसरा खाताना तिनं सोलून दिला.

वहिनींनी सहज विचारलं, "हिला नैवेद्य काय दाखवत होतीस?"

"जे घरात शिजेल ते. मच्छी, झिंगा. वादळात दुसरं काय मिळतंय?"

मंगलाला ठसका लागला. वहिनींनी ओटीतल्या नारळाकडे पाहिलं, आठ दिवस मजेत राहून आलेल्या लेकीकडे पाहावं तसं. मग ताटातला एक झिंगा उचलला, सोलला आणि तोंडात टाकला. परतताना पुलावर मला म्हणाल्या, "हे गावाकडे सांगायचं नाही." मी शब्द दिला. आता मी हे लिहितोय खरं, पण आमच्या गावाकडचं कोणी माझं लिहिलेलं वाचत नाही, याची मला खात्री आहे. सुरतेतलंही नाही.

पाऊस आम्ही लिंबायतला पोचल्यावर चौथ्या दिवशी आला. वहिनी सगळ्या प्रवासात नारळ ओटीत घेऊन बसल्या होत्या. ट्रॉलीत, बसमध्ये, रिक्षात. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, पिशवीत ठेवा ना." मी त्याला हातानं गप्प राहायची खूण केली.

लिंबायत, श्रावणात

कानबाईच्या आदल्या शनिवारी आमच्या पुढच्या खोलीत गहू मोजले. भाऊबंद जमले होते. काही नंदुरबारकडून, काही कोसाडहून, पोरं आपसात गुजरातीत गप्पा मारत. वहिनी परातीपुढे बसल्या. गव्हाचं पोतं शेजारी. एकेक नाव घेऊन सव्वा मूठ परातीत.

कैलास. चुलत भाऊ. त्यांची मुलं. गावाकडचे म्हातारे काका. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मला वयाप्रमाणे माझा क्रम कुठे येतो ते माहीत होतं. तो आला आणि गेला. वहिनी पुढच्या नावाकडे वळल्या. मंगलानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

नावं संपली. वहिनींनी आणखी एक मूठ भरली. "जमनाबेन," म्हणाल्या आणि वर पाव मूठ घातली.

गावाकडचे काका खाकरले. "शांता, बाईमाणसाच्या नावाची मूठ नसते. आणि ती कोण? रोट भाऊबंदांचा असतो."

"कानबाई आठ दिवस तिच्या घरी जेवली," वहिनी म्हणाल्या. "मग ती आपली कोण लागते, तुम्हीच सांगा काका."

काय जेवली, ते काकांनी विचारलं नाही. मी देवाचे आभार मानले. काकांनी परातीकडे पाहिलं. म्हणाले, "बरं, घाल."

कोपऱ्यात पाटावर जुनी कानबाई आणि तिच्या शेजारी नवं नारळ होतं. त्या वीस नारळांतलं एक सुकं आम्ही येताना बरोबर आणलं होतं. त्याला मंगलानं नवी नथ केली होती. पुनवेला वहिनी, मंगला आणि मी खाडीवर जाणार आहोत. मला चिखलापासून लांब उभं राहण्याच्या अटीवर नेणार आहेत.

वहिनींनी परात जरा पुढे सरकवली. पोत्यात अजून गहू होते.

"भाऊजी, इकडे या."

मी जाऊन बसलो.

"तुमची तुम्ही घाला." मी हात पोत्यात घातला. वरचीच मूठ उचलणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"वरून नाही," त्या म्हणाल्या. "खालून घ्या."